२२ इंच की १९? कोल्हापुरातल्या एका क्यू-सेव्हनच्या चाकांचा निर्णय

गाडी ऑडी क्यू-सेव्हन, दुसऱ्या पिढीतली, तीन लिटर डिझेल. मुंबईच्या पहिल्या मालकाकडून वापरलेली घेतलेली. आताचे मालक शिरोली एमआयडीसीत फौंड्री चालवतात. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, इथंही तेच नाव वापरतो. भर पावसाळ्यात गगनबावड्याच्या रस्त्यावर, कळे गावाच्या पुढे, पाण्यानं भरलेला खड्डा दिसला नाही आणि पुढचं डावं चाक त्यात आदळलं. टायरच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा आला आणि रिममधून हवा जायला लागली. पातळ स्टेपनी लावून ते सावकाश कोल्हापूरला परतले आणि गाडी आमच्या टायर-अलाइनमेंटच्या दुकानात आली.

अण्णांची मागणी दोन वाक्यांची होती. "एक टायर नवीन घाला, रिमला वेल्डिंग मारून द्या. सोमवारी मला पुण्याला जायचं हाय."

तिथून निघून चार रिम, चार टायर आणि वीस बोल्ट बदलण्यापर्यंत आम्ही कसे पोचलो, त्याचं हे प्रकरण. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात अशा मोठ्या गाड्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. मुंबई-पुण्याहून वापरलेल्या येणाऱ्या कितीतरी गाड्यांवर आधीच्या मालकानं हौसेनं चढवलेली मोठी चाकं असतात आणि नवा मालक ती कंपनीचीच समजतो. अण्णांचाही तोच समज होता.

दारातलं स्टिकर

टायरकडे वळायच्या आधी मी ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरचं स्टिकर अण्णांना आणि त्यांच्या मुलाला दाखवलं. मुलगा नुकताच धंद्यात आलाय, गाडीची हौस मुख्यतः त्याची. स्टिकरवर माप होतं २५५/५५ आर १९, लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा, १११. गाडीवर होतं २८५/३५ आर २२, लोड इंडेक्स १०६.

पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि शेवटचा रिमचा व्यास, इंचात. २५५ चे ५५ टक्के म्हणजे १४० मिलिमीटर. २८५ चे ३५ टक्के म्हणजे जेमतेम १००. टायरसकट पूर्ण चाकाचा व्यास मात्र दोन्हीकडे जवळपास तेवढाच राहतो: १९ इंचीचा ७६३ मिलिमीटर, २२ इंचीचा ७५८. त्यामुळं स्पीडोमीटर फारसा चुकत नाही, गाडीची उंचीही बदललेली दिसत नाही आणि काही बिघडलंय असं कुणाला वाटत नाही. बदल झालेला असतो तो चाकाच्या आत. रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत जिथं १४ सेंटिमीटर हवा आणि रबर होतं, तिथं १० उरलेलं असतं. बाकीची जागा ॲल्युमिनियमनं घेतलेली असते.

या चार सेंटिमीटरवर मी इतका अडतो त्याला कारण आहे. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळलं की टायरची भिंत आधी दबते. ती दबत असते तोवर धक्का हवेत जिरत असतो. उंची संपली की भिंत खड्ड्याची कड आणि रिमची कड या दोघांच्या मध्ये चिमटली जाते. तिच्या आतले दोरे, म्हणजे टायरला आकारात धरून ठेवणारे धागे, तिथं तुटतात. वरचं रबर शाबूत राहतं, पण मागचा आधार गेल्यामुळं आतली हवा ते बाहेर ढकलते आणि फुगा येतो. फुग्याला कुठलंच पंक्चर-काम चालत नाही. तो टायर संपला. अण्णांच्या गाडीत धक्का भिंत दाबूनही उरला होता आणि उरलेला रिमनं खाल्ला होता.

लोड इंडेक्सचं गणित थोडं वेगळं आहे आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. १०६ म्हणजे एका टायरला ९५० किलो, १११ म्हणजे १०९० किलो. चार टायर मिळून ३८०० किलो, गाडी रिकामी दोन टनांच्या वर. म्हणजे कागदावर १०६ सुद्धा पुरतो. पण हा आकडा ठरलेली पूर्ण हवा असतानाचा असतो. हवा उतरली की क्षमताही उतरते. सात माणसं, सामान आणि घाटात उतरताना ब्रेक, अशा वेळी वजन पुढच्या दोन चाकांवर येतं. त्यात बुटक्या भिंतीचा टायर हवा कमी झाली तरी डोळ्यांना बसलेला दिसत नाही. अण्णांच्या उजव्या मागच्या टायरमध्ये हवा बरीच कमी होती आणि कुणालाच ते कळलं नव्हतं. दर चाकामागं १४० किलोंची ही जी मोकळीक कमी झाली होती, ती नेमकी अशा वेळी कामाला येते.

ऑडी स्वतः परदेशात या गाडीच्या काही रूपांना २१ आणि २२ इंची चाकं देते, हे मुलानं मोबाइलवर दाखवलं. ते खरं आहे. पण ती चाकं त्या गाडीसाठी बनवलेली आणि तपासलेली असतात. या गाडीवरची बाजारातली होती आणि तिच्या स्टिकरवर ते माप नव्हतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकच लावला आहे. अपघात झाला आणि विम्याच्या सर्व्हेअरनं माप विचारलं, तर उत्तर मालकाला द्यावं लागतं.

रिम फौंड्रीत गेलं

वेल्डिंगचा मुद्दा मी तोंडी पटवत बसलो नाही. टायर उतरवला, रिम अण्णांच्याच गाडीत टाकलं आणि शिरोलीला नेऊन डाय पेनिट्रंटची चाचणी घ्या म्हटलं. कास्टिंगमधले बारीक तडे शोधायला फौंड्रीत ही चाचणी नेहमीच होते: लाल रंग मारायचा, मुरू द्यायचा, पुसायचा, वरून पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तिथं लाल रेघ उमटते.

आमच्या दुकानात तडा बोटाच्या पेराएवढा दिसत होता, रिमच्या आतल्या कडेला. फौंड्रीत लाल रेघ त्याच्या कितीतरी पुढं गेलेली निघाली. कडेवरून आत वळून ती एका आऱ्याच्या मुळाकडे चालली होती. रेघेच्या आजूबाजूला बारीक ठिपक्यांचा पुंजकाही होता. अण्णांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. "ही पोरोसिटी हाय. असलं कास्टिंग माझ्याकडनं गेलं असतं तर गिऱ्हाइकानं आख्खी लॉट परत पाठवली असती."

पोरोसिटी म्हणजे ओतताना धातूत राहिलेली बारीक छिद्रं. अण्णांचं काम ओतीव लोखंडाचं, हे ॲल्युमिनियमचं. पण ओतकामाची समज तीच. पुढचं बोलणं सोपं झालं. अलॉय रिम बहुतेक वेळा ॲल्युमिनियम-सिलिकॉन-मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं. ओतल्यावर त्याला टी-सिक्स म्हणतात ती उष्णता-प्रक्रिया देतात: पाचशे अंशांच्या वर तापवून पाण्यात विझवायचं आणि मग कमी तापमानावर काही तास ठेवायचं. रिमची ताकद या प्रक्रियेतून येते. वेल्डिंगची आच लागली की जोडाभोवतीच्या पट्ट्यातली ती ताकद उतरते आणि पूर्ण रिम पुन्हा त्या भट्टीतून काढल्याशिवाय परत येत नाही. रस्त्याकडेच्या दुकानात जोड सुबक होतो, घासून रंगवला की ओळखूही येत नाही, हवाही धरतो. पुढच्या खड्ड्यात मात्र जोडाच्या शेजारी फाटतो. रिम गॅसनं तापवून हातोड्यानं सरळ करणं हाही त्यातलाच प्रकार. आरशासारखं चमकणारं रिपेअर केलेलं रिम मी पुढच्या चाकाला कधीच लावू देत नाही, आणि दोन टनांच्या गाडीला तर नाहीच.

रिम कसं बनलंय यानंही फरक पडतो. साध्या गुरुत्वाकर्षणानं साच्यात ओतलेलं सर्वांत स्वस्त. कमी दाबानं खालून वर धातू भरून ओतलेलं जास्त घट्ट, आणि कंपनीची बरीचशी चाकं या रीतीची असतात. फ्लो-फॉर्मिंगमध्ये ओतल्यानंतर रिमचा पट्टा तापवून रोलरखाली ताणतात, त्यामुळं तो पातळ होऊनही मजबूत राहतो. फोर्ज्ड सर्वांत चांगलं आणि सर्वांत महाग. अण्णांच्या २२ इंची रिमवर आतून ना क्षमतेचा आकडा होता, ना जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयए या चाचण्यांची खूण, ना बनवणाऱ्याचं नाव. चकाकी उत्तम होती.

चारही चाकं उतरवल्यावर आणखी एक गोष्ट कळली. नव्वद-शंभरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं ही अण्णांची जुनी तक्रार, आणि त्यावर कुठं तरी बॅलन्सिंगचे पैसे बऱ्याचदा गेले होते. या गाडीच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागाचा, व्यास ६६.५ मिलिमीटर. बाजारातल्या रिमचं मधलं भोक ७३.१, म्हणजे कुठल्याही गाडीला बसावं असं. मधली फट भरायला प्लॅस्टिकची कडी घालतात. एका चाकाची कडी ब्रेकच्या उष्णतेनं वितळून वाकडी झाली होती, एकाची नव्हतीच. चाक हबवर न बसता बोल्टांवर लोंबकळत होतं. असलं चाक मशिनवर कितीही बॅलन्स केलं तरी गाडीवर थरथरणारच.

कोणते पर्याय होते

वेल्डिंग बाद झाल्यावर एक टायर आणि एक रिम बदलणं हा अण्णांच्या मूळ मागणीला सर्वांत जवळचा पर्याय. तो दोन कारणांनी गेला. ही क्वाट्रो, चारही चाकांना ताकद जाणारी गाडी. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल, शेजारच्या जुन्याची चारच्या आसपास. एकाच अॅक्सलवरच्या दोन चाकांचा घेर वेगळा झाला की डिफरन्शियलला, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरांना, सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहावं लागतं. दुसरं कारण, तसलं रिम पुन्हा मिळण्याची खात्री नाही, आणि मिळालं तरी त्याच दर्जाचं.

चार नवी २२ इंची, चांगल्या कंपनीची. मुलाची पहिली पसंती ही होती. टायरचे दर मागवले तर १९ इंचीच्या जवळपास दुप्पट आले. शिवाय जून २०२० पासून नव्या टायरची आयात केंद्र सरकारनं परवान्याखाली आणली आहे. जी मापं भारतात बनत नाहीत, त्यांचा माल कधी येतो, कधी महिनोन्महिने येत नाही. आम्हाला देऊ केलेल्या २२ इंची टायरवर तारखेचा आकडा होता २२२१, म्हणजे २०२१ सालचा बाविसावा आठवडा. चार वर्षं गोदामात पडलेला टायर पूर्ण किमतीला. कळ्याच्या रस्त्यावर एक फुटला तर दुसरा आणायचा कुठून, या प्रश्नाला मुलाकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं.

मग मुलगा मला म्हणाला, "दादा, २० तरी बघूया." ही मागणी अजिबात चुकीची नव्हती. २८५/४५ आर २० हे कंपनीनं या गाडीला दिलेलं माप आहे, लोड इंडेक्स ११२ मिळतो आणि भिंत १२८ मिलिमीटर उरते. गाडी बहुतेक वेळ पुणे-बेंगळुरू महामार्गावरच धावत असती, तर मी हो म्हटलं असतं. पण अण्णांचा रस्ता वेगळा आहे. रोज शिरोली, आठवड्यातून एकदा गगनबावड्याच्या वाटेवरचं शेत, अधूनमधून करूळ घाटानं खाली कोकणात आणि महिन्यातून एखादी पुण्याची फेरी. गगनबावडा राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक. साचलेल्या पाण्यावरून २८५ रुंदीचा टायर २५५ पेक्षा लवकर तरंगतो, कारण तेवढ्याच वेळात त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. पावसाळा संपला की गळीत हंगाम सुरू होतो. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांबरोबर शेतातला चिखल, पाचट आणि मोळीतून पडलेला ऊस डांबरावर येतो. गावोगावी पांढरे पट्टे नसलेले गतिरोधक आहेत. महामार्गाचं साताऱ्यापासून कागलपर्यंतचं सहापदरीकरण चालू असल्यानं तिथंही वळणं, खडी आणि अचानक आलेल्या कडा. या सगळ्यात बारा मिलिमीटर जास्त भिंत आणि तीन सेंटिमीटर कमी रुंदी, दोन्ही कामाच्या.

तिसरी गोष्ट टायर सहज मिळण्याची. २५५/५५ आर १९ हे माप लँड रोव्हरच्या जुन्या डिस्कव्हरीला चालतं, फोक्सवॅगन टुआरेगलाही. त्यामुळं ते अनेक कंपन्या बनवतात आणि कोल्हापुरात नसलं तरी पुण्याहून दुसऱ्या दिवशी येतं.

मुलानं मग उलट बाजूनं विचारलं की भिंतच महत्त्वाची असेल तर १८ इंच का नको. चांगला प्रश्न. स्टिकरवर ते माप नव्हतं, आणि या गाडीच्या पुढच्या ब्रेकचं कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड धरणारा भाग, १८ इंची रिमच्या आत किती जागा ठेवेल हे मोजायला रिमही हाताशी नव्हतं. या गाडीच्या स्टिकरवर आहे तेच माप घ्यायचं आणि तिथं थांबायचं, असं ठरलं.

रिम शोधताना

कंपनीकडून चार नवी रिम घेणं हा सरळ रस्ता, पण किंमत ऐकून अण्णांनी हात जोडले. दुसरा रस्ता असा की जे लोक मोठी चाकं चढवतात ते मूळची विकतात. नव्या गाडीवरून उतरवलेला सेट निम्म्याहून कमी पैशात मिळतो आणि तो अस्सल असतो, फक्त बघून घ्यावा लागतो.

पहिला सेट मुलानं शोधला. फोटो सुंदर, ऑडीच्या चार कड्या, १९ इंच, भाव फारच कमी. मी रिमच्या मागच्या बाजूचा फोटो मागायला लावला. पार्ट नंबर ४एल०-६०१-०२५ नं सुरू होत होता. ४एल म्हणजे पहिल्या पिढीची क्यू-सेव्हन. तिचे पाच बोल्ट १३० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, दुसऱ्या पिढीचे ११२ च्या वर्तुळावर. ती रिम या गाडीला बसलीच नसती. अॅडॅप्टर लावून बसवून देतो, असंही विकणाऱ्यानं सांगितलं. हब आणि चाकाच्या मध्ये आणखी एक धातूची चकती, आणखी पाच बोल्ट आणि चाक बाहेर सरकलेलं. नाही म्हटलं.

दुसरा सेट पुण्यात मिळाला. नंबर ४एम०-६०१-०२५, त्यावर ८.५ जे १९, ईटी २८. जे च्या आधीचा आकडा रिमची रुंदी, इंचात. ईटी म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा भाग किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे ते. ईटी कमी झाली की चाक बाहेर येतं, मडगार्डच्या बाहेर चिखल उडवतं आणि बेअरिंगवर जास्त ताण देतं. अण्णांच्या जुन्या चाकांचं तसंच होतं. मागच्या दारांवर पाण्याचे आणि मातीचे शिंतोडे का येतात, हे त्यांना तेव्हा उमगलं.

सेट आधी शिरोलीला गेला. तिथं अण्णांनी आपल्या माणसांकडून जे करून घेतलं, ते कुठल्याच टायरवाल्याकडे होत नाही. चारही रिमना पेनिट्रंट मारलं, आणि एकेक रिम हबच्या मापाच्या मँड्रेलवर, म्हणजे दांड्यावर, चढवून आणि डोल मोजणारं डायल गेज लावून फिरवलं. तीन रिम सरळ निघाली. चौथं आतल्या कडेला मिलिमीटरहून जास्त डोलत होतं, कुठं तरी आदळलेलं. डोळ्याला काहीही दिसत नव्हतं. विकणाऱ्याला डायलचा व्हिडिओ पाठवला आणि त्यानं तक्रार न करता दुसरं रिम दिलं. वजनकाट्यावर जुनं २२ इंची चाक टायरसकट नव्या १९ इंचीपेक्षा सहा किलोंहून जड भरलं. हे वजन स्प्रिंगच्या खालचं असतं, प्रत्येक खड्ड्यात ते वर-खाली हलवायचं काम शॉक ॲब्सॉर्बरला करावं लागतं, म्हणून तिथला प्रत्येक किलो महागात पडतो.

बोल्ट

यावर वेगळं लिहितो, कारण या भागात चुका होतात आणि त्या जिवावर बेतू शकतात. ऑडीच्या मूळ रिममध्ये बोल्टाची बैठक गोलाकार असते, बोल्टाचं डोकंही खालून तसंच गोल. बाजारातल्या बहुतेक रिमना शंकूच्या आकाराचे, ६० अंशांचे बोल्ट लागतात. आटे दोन्हींचे तेच, १४ मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर पिचचे. म्हणजे शंकूचा बोल्ट गोल बैठकीत सहज बसतो, घट्ट होतो, पाना अडकतो. फक्त पूर्ण बैठकीवर न टेकता एका बारीक कडीवर टेकतो. काही दिवसांत ती कड दबते आणि बोल्ट सैल पडतो, किंवा रिमला भोकापासून चीर जाते.

अण्णांच्या मशीनशॉपच्या कारागिरानं हे बोल्टावर निळा रंग लावून दाखवलं. गोल बोल्टाचा ठसा बैठकीभर उमटला, शंकूच्या बोल्टाची जेमतेम एक रेघ. गाडीबरोबर आलेले जुने वीस बोल्ट शंकूचे होते. बाजूला ठेवले आणि मूळ मापाचे, मूळ लांबीचे नवे मागवले. वापरलेली कंपनीची रिम घेणाऱ्यानं बोल्टही त्याच कंपनीचे घ्यावेत, यात काटकसर करू नये.

टायर

टायर विकणं हा माझा धंदा आहे, म्हणून कुठल्या कंपनीचा बसवला हे लिहीत नाही. कसा निवडला ते लिहितो.

मुलाला शेताच्या वाटेसाठी ऑल-टेरेन टायर हवे होते, जाड गुट्ट्यांचे. शेतापर्यंतची कच्ची वाट एकूण फेरीतली अगदी थोडी, बाकी सगळं डांबर आणि काँक्रीट. जाड गुट्ट्यांचा टायर ओल्या डांबरावर जास्त अंतर घेऊन थांबतो, जड असतो आणि ऐंशीच्या पुढं आवाज करतो. अण्णा गाडीत बसून फोनवरच धंदा करतात. खेळाच्या धाटणीचा, मऊ रबराचा टायर दुसऱ्या टोकाला: पकड उत्तम, पण रेताड रस्त्यावर झिजतो लवकर. आम्ही घेतला तो रस्त्यासाठीचा एसयूव्ही टायर, चार रुंद उभ्या चरांचा, ओल्या पकडीसाठी नाव असलेला. लोड इंडेक्स १११, जादा भार पेलणारा म्हणजे एक्सएल, वेगाचं अक्षर डब्ल्यू, म्हणजे २७० पर्यंत. इतक्या वेगाशी कुणाला देणंघेणं नाही, पण गाडीच्या कागदातल्या अक्षराहून खालचं अक्षर घेऊ नये. ऑडीसाठी जुळवलेल्या टायरवर एओ अशी खूण असते. ती मिळाली तर चांगलं, नाही मिळाली तर चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे असणं त्याहून महत्त्वाचं. आम्हाला चारही एओ खुणेचे मिळाले नाहीत, म्हणून दोन खुणेचे आणि दोन बिनखुणेचे अशी भेसळ न करता चार सारखे घेतले. आयएसआय खूण पाहिली, तारखेचे चारही आकडे पाहिले.

बिल पक्कं, जीएसटीसह घेतलं, कारण त्याशिवाय वॉरंटीचा दावा उभा राहत नाही. अण्णांच्या बिलावर २८ टक्के लागले. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा दर १८ टक्के झाला आहे, पण फुगा आलेल्या टायरवर बसून कर कमी व्हायची वाट बघता येत नव्हती.

बसवताना आणि नंतर

एअर सस्पेन्शनच्या गाडीला उचलण्याआधी मेन्यूतून जॅकचा मोड लावावा लागतो. हबवरचा गंज ब्रशनं साफ केला, बोल्ट हातानं लावून मग टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्यानं, ताऱ्याच्या क्रमानं आवळले. इम्पॅक्ट गननं शेवटचा आवळ देणं आमच्याकडे बंद आहे. अलाइनमेंटमध्ये पुढच्या डाव्या चाकाची टो, म्हणजे चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय ते माप, बाहेर गेलेली सापडली, खड्ड्याचाच प्रसाद; आर्म वाकलेला नव्हता, बॉल जॉइंट ठीक होते. टो जुळवली, हवा स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणं थंड टायरमध्ये भरली आणि टायर-प्रेशरची नोंद गाडीच्या मेन्यूतून नव्यानं साठवली, कारण ही गाडी चाकांच्या फिरण्यावरून हवा ओळखते आणि तिला नवं चाक शिकवावं लागतं. नायट्रोजनसाठी अण्णांनी विचारलं. कोरडी साधी हवा पुरते, महिन्यातून एकदा मोजली तर. शंभर किलोमीटरच्या आत बोल्ट पुन्हा तपासायला या म्हटलं आणि ते आलेही.

थरथर पहिल्याच फेरीत गेली. आतला आवाज कमी झाला, रस्त्याचे दणके बोथट झाले. वळणावर स्टिअरिंग पूर्वीइतकं चटकन उत्तर देत नाही, हे मुलानं बरोबर ओळखलं. उंच भिंत तेवढी लवते, आणि ते मान्य करूनच हे माप घेतलं होतं. मॉलसमोर उभी केलेली गाडी पूर्वीसारखी दिसत नाही, हेही त्यानं बोलून दाखवलं. अण्णा म्हणाले, "बाळा, ही गाडी उभी करायला घेतलेली नव्हं." त्यानंतरच्या पावसात त्याच कळ्याच्या रस्त्यावर चाक पुन्हा एकदा जोरात आदळलं. अण्णांनी गाडी थेट आमच्याकडे आणली. टायर उतरवून आतून बाहेरून पाहिला. भिंत शाबूत, रिम डायलवर सरळ.

नक्षी कायद्यानं १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. या गाडीसाठी आम्ही तीन मिलिमीटर ठरवली आहे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर मोजमाप. दहा हजार किलोमीटरला पुढची-मागची चाकं आलटून पालटून.

जुनी तीन धड रिम घ्यायला एक जण तयार होता, चौथ्यासकट. चौथं वेल्ड करून घेतो म्हणाला. अण्णांनी तीन दिली, त्यांतली पोरोसिटी आणि भोकाचा ७३.१ चा आकडा कागदावर लिहून दिला. चौथं रिम त्यांनी फौंड्रीतच गॅसकटरला न देता करवतीवर चार तुकड्यांत कापलं आणि ॲल्युमिनियमच्या भंगारात वजनावर घातलं.